मेंदूतील रक्तस्राव : शस्त्रक्रिया कोणाला, केव्हा आणि कशासाठी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मेंदूतील रक्तस्रावाबद्दल जे लेखन येते, ते मी नेमाने वाचतो. रक्तदाब तपासत राहा, लक्षणे दिसताच रुग्णाला रुग्णालयात न्या, हे त्यात वारंवार आणि योग्य शब्दांत सांगितलेले असते. मात्र रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाइकांपुढे सर्वांत आधी जो प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ऑपरेशन करायचे की नाही, त्यावर फारसे लिहिले जात नाही. जे लिहिले जाते त्यातही, शस्त्रक्रिया झाली म्हणजे उपचार झाले आणि ती झाली नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा सूर नकळत उमटतो. मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर म्हणून मला या सुराची चिंता वाटते, कारण त्याचे परिणाम आयसीयूच्या दाराबाहेर रोज दिसतात. म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

आधी नुकसान नेमके कसे होते ते पाहू. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते आणि तिच्यात मेंदू, रक्तवाहिन्यांतले रक्त व मेंदूतले पाणी एवढ्या तीनच गोष्टी असतात. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलेले तत्त्व आजही तसेच लागू आहे : हाड ताणले जात नाही, त्यामुळे आत नवे काही साठू लागले की आधीच्या तिघांपैकी कोणाला तरी जागा सोडावी लागते. सुरुवातीला पाणी मणक्याकडे सरकते, शिरांतले रक्त बाहेर लोटले जाते; ही सोय संपली की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूच आपल्या जागेवरून सरकू लागतो. म्हणजे रक्तस्रावात दोन प्रकारची हानी होते. रक्तवाहिनी फुटते त्या क्षणी वेगाने बाहेर पडलेले रक्त मज्जातंतूंचे धागे फाडत जाते, ती पहिली. साकळलेल्या रक्ताचा, म्हणजे रक्ताच्या गाठीचा दाब, तिच्याभोवती पुढचे काही दिवस वाढत जाणारी सूज आणि रक्त विघटित होताना तयार होणारी विषारी द्रव्ये, ही दुसरी. पहिली हानी कोणताही शल्यचिकित्सक भरून काढू शकत नाही. शस्त्रक्रियेची सारी धडपड दुसरी हानी रोखण्यासाठी असते. 'गाठ काढली, मग हात का हलत नाही?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि त्याचे उत्तर या फरकात आहे. ज्या धाग्यांवरून हाताकडे संदेश जायचा ते गाठ होतानाच तुटलेले असतील, तर गाठ निघाल्याने ते जुळत नाहीत.

सीटी स्कॅनच्या पडद्यावर ताजे रक्त पांढरे दिसते. त्या पांढऱ्या डागाची सर्वांत जास्त लांबी, तिला काटकोनात असलेली रुंदी आणि स्कॅनच्या किती कापांमध्ये, म्हणजे आडव्या छेदांमध्ये, तो दिसतो त्यावरून त्याची उंची, अशी तीन मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्याचे निम्मे केले की रक्ताचे आकारमान मिलिलीटरमध्ये मिळते. पाच, चार आणि तीन सेंटिमीटर मापे असतील तर ३० मिलिलीटर. औषधाचे सहा चमचे भरतील एवढेच हे रक्त, पण मेंदूत ते मोठेच मानले जाते आणि बहुतेक अभ्यासांमध्ये शस्त्रक्रियेचा विचार याच आकड्याच्या आसपास सुरू होतो. अर्थात आकारमानापेक्षाही जागा महत्त्वाची. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिया किंवा थॅलॅमसमध्ये, तसेच लहान मेंदूत किंवा मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या ब्रेनस्टेममध्ये होतो. वयस्कर माणसांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचे प्रथिन साठल्याने होणारा रक्तस्राव बहुतांशी पृष्ठभागाजवळ असतो. पृष्ठभागाजवळच्या गाठीपर्यंत पोहोचायला शाबूत मेंदूतून फारसे जावे लागत नाही. खोल गाठीपर्यंत जायचे तर वाटेतल्या निरोगी भागाला इजा करूनच जावे लागते. थॅलॅमस आणि ब्रेनस्टेममधली गाठ सहसा काढली जात नाही ती यामुळे. त्यात हलगर्जी नसते.

आता कवटी उघडून गाठ काढण्याच्या, म्हणजे क्रेनिओटॉमीच्या शस्त्रक्रियेबद्दल. दाब निर्माण करणारी वस्तू काढून टाकली की रुग्ण सुधारेल, हे इतके सरळ वाटते की ते पडताळून पाहण्याची गरजही भासू नये. १९६१ मध्ये ब्रिटिश मेंदू शल्यचिकित्सक मॅकिसॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रुग्णांवर ही पडताळणी केली आणि शस्त्रक्रियेचा फायदा त्यांना दिसला नाही. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली निघाला. त्यामुळे तो निष्कर्ष जुन्या साधनांचा म्हणून बाजूला ठेवता आला असता. पण २००५ मध्ये 'स्टिच' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. तिच्यात १,०३३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी २६ टक्के आणि आधी औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांची प्रकृती सहा महिन्यांनी समाधानकारक होती, म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. पृष्ठभागाजवळच्या गाठींपुरती मर्यादित असलेली दुसरी 'स्टिच' चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या ६०१ रुग्णांमध्ये वाईट परिणामांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५९ आणि दुसऱ्या गटात ६२ टक्के निघाले.

हे आकडे वाचून 'ऑपरेशनचा उपयोग नाही' असे म्हणणारे भेटतात, डॉक्टरांमध्येही भेटतात, आणि मला ते मान्य नाही. शस्त्रक्रियेचा फायदा होईल की नाही याबद्दल शल्यचिकित्सक स्वतःच साशंक होता, असेच रुग्ण पहिल्या 'स्टिच' चाचणीत घेतले होते. डोळ्यांदेखत बेशुद्धीत चाललेला आणि गाठ काढल्याशिवाय वाचणार नाही असे वाटलेला रुग्ण चाचणीत आलाच नाही, त्याची शस्त्रक्रिया होऊन गेली. शिवाय औषधोपचाराच्या गटातल्या सुमारे २६ टक्के रुग्णांवर पुढे प्रकृती खालावल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे या चाचण्यांनी सांगितले ते एवढेच की, प्रकृती स्थिर असलेल्या प्रत्येक रुग्णाची कवटी घाईने उघडण्यात लाभ नाही. प्रकृती खालावत असेल, शुद्ध हरपत चालली असेल, स्कॅनमध्ये मेंदूची मध्यरेषा सरकलेली दिसत असेल, तर जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करण्याचा पर्याय तेव्हाही खुला होता आणि आजही आहे.

लहान मेंदूतल्या रक्तस्रावाची गोष्ट अगदी वेगळी आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम जास्त लिहितो. डोक्याच्या मागच्या तळाशी असलेल्या या कप्प्यात जागा फार थोडी असते, लगतच श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारे ब्रेनस्टेम असते, आणि मेंदूतल्या पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्गही तिथूनच जातो. अशा रुग्णाला सुरुवातीला डोके दुखणे, उलट्या, गरगरणे आणि चालताना तोल जाणे एवढेच होते. हातापायांतली ताकद शाबूत, बोलणे समजण्याजोगे. पित्त झाले असेल, मानेचा त्रास असेल, असे म्हणून घरातच तास दोन तास निघून जातात. नंतर तो गुंगीत जातो आणि गुंगीतून बेशुद्धीत जायला त्याला फारच थोडा वेळ लागतो. गाठ १५ मिलिलीटर किंवा त्याहून मोठी असेल, ब्रेनस्टेमवर दाब येत असेल किंवा पाणी तुंबले असेल, तर ती तातडीने काढावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इथे केवळ नळी घालून पाणी काढणे पुरेसे मानले जात नाही. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले यातले काही रुग्ण पुढे स्वतःच्या पायांनी चालतात, कारण लहान मेंदूच्या हानीशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता बरीच असते. 'पेशंट बोलतोय ना, मग एवढी घाई कशाला?' असे म्हणत संमतिपत्रावरची सही लांबवली जाते, तेव्हा हातातून जाणारा वेळ पुन्हा मिळत नाही, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रक्त मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये उतरले की पाण्याची वाट बंद होते आणि दाब वाढतो. तेव्हा कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे, बहुधा उजव्या बाजूला हाडात छोटे छिद्र पाडून एक बारीक नळी आत सोडतात आणि ती खाटेशेजारच्या पिशवीला जोडतात. हिला ईव्हीडी म्हणतात. शस्त्रक्रियांमध्ये ही सर्वांत लहान, पण रुग्णाचा जीव कित्येकदा हिच्यावरच अवलंबून असतो. या नळीच्या मधल्या काचेसारख्या भांड्याची उंची रुग्णाच्या कानाच्या छिद्राच्या पातळीपासून सेंटिमीटरमध्ये मोजून ठरवलेली असते. भांडे खाली गेले की पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जाते, वर गेले की अडते. भेटायला आलेले नातेवाईक मायेने खाटेचे डोके उंचावतात किंवा उशी सारखी करतात आणि ही पातळी बिघडते. म्हणून नर्सला विचारल्याशिवाय खाट हलवू नये, ही सूचना कोरडी वाटली तरी तिच्यामागे मोठे कारण आहे. याच नळीतून रक्त विरघळवणारे अल्टेप्लेस हे औषध देऊन पाहणाऱ्या 'क्लिअर' चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. त्यात सहा महिन्यांतले मृत्यू २९ वरून १८ टक्क्यांपर्यंत घटले, मात्र बऱ्यापैकी स्वावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण ४५ आणि ४८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले.

माझ्या मते या साऱ्या चर्चेचे मर्म याच आकड्यांत आहे. जीव वाचणे आणि पूर्वीसारखे जगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शस्त्रक्रिया पहिली गोष्ट साधते तेव्हा दुसरी आपोआप साधली जात नाही. कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवून सुजलेल्या मेंदूला जागा करून देणाऱ्या शस्त्रक्रियेत, डीकॉम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमीत, हे फारच ठळकपणे दिसते. किमान १२ सेंटिमीटर व्यासाचा हाडाचा तुकडा काढला जातो, मेंदूचे जाड आवरण उघडून सैल केले जाते आणि वरून फक्त त्वचा शिवली जाते. हाड शीतपेटीत किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी परत बसवतात. खोल भागातल्या मोठ्या रक्तस्रावात, गाठीला हात न लावता केवळ हाड काढून पाहणाऱ्या 'स्विच' चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. मृत्यू किंवा पूर्णतः अंथरुणाला खिळण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ४४ टक्के आणि उरलेल्यांत ५८ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरच थांबला. शिवाय वाचलेल्यांपैकी बरेच जण मोठ्या अपंगत्वासह वाचले. अशा वेळी निर्णय देणे डॉक्टरांच्या एकट्याच्या हाती नसते. रुग्णाला कोणत्या अवस्थेतले जगणे मान्य झाले असते, हे त्याची बायको, नवरा, मुले, भावंडेच सांगू शकतात.

गेल्या काही वर्षांत खरी आशा दिसते आहे ती कमीत कमी इजा करून गाठ काढण्याच्या पद्धतींमध्ये. एका पद्धतीत स्कॅनच्या मार्गदर्शनाने गाठीत बारीक नळी बसवून, दर आठ तासांनी अल्टेप्लेसची अल्प मात्रा देत, रक्त पातळ करून काढतात. 'मिस्टी' चाचणीचा तिसरा टप्पा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर चांगली प्रकृती असलेल्यांचे प्रमाण या पद्धतीच्या गटात ४५ आणि दुसऱ्या गटात ४१ टक्के निघाले, आणि हा फरक पुरेसा ठरला नाही. तरीही ज्यांच्या मेंदूत शेवटी १५ मिलिलीटर किंवा त्याहून कमी रक्त उरले त्यांची प्रगती अधिक चांगली आढळली. म्हणजे नळी घातली एवढ्यावर भागत नाही, गाठ किती निघाली यावर पुढचे बरेच ठरते. दुसऱ्या पद्धतीत मेंदूच्या दोन वळ्यांमधल्या नैसर्गिक खाचेतून, मज्जातंतूंच्या धाग्यांना समांतर अशी एक बोटभर रुंदीचीही नसलेली नलिका सरकवून, तिच्यातून गाठ शोषून घेतात. 'एन्रिच' चाचणीत ३० ते ८० मिलिलीटरच्या गाठी असलेल्या ३०० रुग्णांपैकी निम्म्यांवर २४ तासांच्या आत अशी शस्त्रक्रिया झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार सहा महिन्यांनंतरची कार्यक्षमता शस्त्रक्रियेच्या गटात अधिक चांगली होती आणि पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू १८ टक्क्यांच्या जागी ९.३ टक्के होते. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेने रुग्णाच्या पुढच्या जगण्यात फरक पडतो असे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारी चाचणी इतक्या दशकांनंतर आली, याचे मोल आमच्या क्षेत्रात सर्वांना कळते. पण इथेही बातमीत अर्धेच येते. हा फायदा पृष्ठभागाजवळच्या गाठींमध्ये दिसला; खोल भागातल्या गाठींचे रुग्ण घेणे चाचणी चालू असतानाच थांबवण्यात आले. 'आता दुर्बिणीने मेंदूतली गाठ निघते' असे वाचून थॅलॅमसच्या रक्तस्रावाच्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयात हलवण्याचा आग्रह धरला जातो, तेव्हा त्या प्रवासात त्याचे भले होण्यापेक्षा नुकसान होण्याचा धोका मोठा असतो.

रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम फुटून मेंदूभोवती झालेला रक्तस्राव हा निराळा आजार आहे. तिथे रक्त काढण्यापेक्षा फुगा बंद करण्याला महत्त्व असते, कारण तो पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावता येते किंवा जांघेतल्या अथवा मनगटातल्या धमनीतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल भरता येतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसॅट' चाचणीत, दोन्ही उपाय शक्य होते अशा २,१४३ रुग्णांमध्ये वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होते. तरी फुग्याची जागा, त्याच्या मानेची रुंदी आणि सोबत मोठी गाठ आहे का, यांवरून आजही क्लिपच योग्य ठरते असे रुग्ण आहेत. तरुण माणसाला रक्तदाब नसताना रक्तस्राव झाला, तर आधी रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, याचे कारणही हेच : आत काय दडले आहे हे न कळता गाठ काढायला जाणे धोक्याचे असते.

वयस्कर माणसांत किरकोळ पडण्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली जे जुने रक्त साठते, त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते मेंदूच्या आत नसते, पण घरच्यांच्या लेखी तेही मेंदूतले रक्तच असते. तिथे हाडाला एक दोन छिद्रे पाडून तो काळसर, पातळ द्रव काढतात, आणि नंतर दोन दिवस नळी ठेवली तर तो पुन्हा साठण्याचे प्रमाण २४ वरून ९.३ टक्क्यांवर येते, हे २००९ मध्ये केंब्रिजच्या चाचणीने दाखवले आहे. नव्वदीकडे झुकलेला माणूसही या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखा बोलू-चालू लागलेला आम्ही पाहतो. 'या वयात डोक्याचे ऑपरेशन नको' म्हणून तो पर्याय नाकारू नये, ही कळकळीची विनंती.

शस्त्रक्रिया करायची नाही असे ठरले तरी उपचार थांबत नाहीत. पहिल्या काही तासांत गाठ वाढण्याचा धोका असतो, म्हणून वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणून तिथे स्थिर ठेवणे, ताप आणि साखर आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उलटवणे हे सारे लगोलग सुरू करावे लागते. वॉरफेरिनसाठी, डॅबिगॅट्रानसाठी उतारे वेगवेगळे आहेत आणि रुग्ण कोणती गोळी घेत होता हे कळल्याशिवाय योग्य उतारा देता येत नाही. घरातून निघताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते आठवून ठेवावे; जुन्या रिपोर्टांच्या जाड फायलीपेक्षा त्या वेळी हे जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या टोकाची घाईही होते. पहिल्याच रात्री 'आता काही आशा नाही' असे सांगून उपचार आखडते घेतले गेले, तर रुग्ण दगावतो आणि भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते. वय, शुद्धीची पातळी, गाठीचे आकारमान आणि जागा यांवरून गुण देण्याची पद्धत उपयोगी आहे, पण एका माणसाचे भविष्य केवळ त्या गुणांवरून ठरवू नये. वर उल्लेखलेल्या २०२२ च्या सूचनाही, रुग्णाने आधीच काही इच्छा सांगून ठेवलेली नसेल तर, उपचार मर्यादित करण्याचा निर्णय किमान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावा असे सांगतात.

आयसीयूबाहेर सहीचा कागद पुढे येतो तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना थांबवून विचारायला हरकत नाही, उलट विचारावेच, की रक्त कोणत्या भागात आहे, किती आहे, पोकळ्यांमध्ये उतरले आहे का, आणि ही शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी आहे की हालचाल व बोलणे सुधारण्यासाठी. स्कॅन दाखवून हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. अगदी तातडीच्या वेळी तेवढीही नसतात हे खरे, पण मग 'सध्या फक्त जीव वाचवतो आहोत' एवढे एक वाक्य तरी त्यांच्या वाट्याला आले पाहिजे, ही जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. मेंदूतील रक्तस्रावाच्या यशस्वी शस्त्रक्रियेची बातमी छापताना रक्तस्राव कोणत्या भागात होता, शस्त्रक्रिया किती तासांत झाली आणि सहा महिन्यांनी रुग्ण स्वतःचे काय काय करू शकतो, एवढी माहिती संबंधित डॉक्टरांकडून मागून घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर बातमी सहा महिने थांबवावी.

आपला विश्वासू,
एक मेंदू शल्यचिकित्सक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)